प्रतिवादीचं गाव कोणतं?

वह्या मिटा. मोबाईल बाकाखाली ठेवा आणि माझ्याकडे बघा.

गेल्या आठवड्यात तुम्हाला एक दावा लिहायला दिला होता. भोसरीतला एक लघुउद्योजक, जिग आणि फिक्स्चर करून देणारा. एका मोठ्या कंपनीकडे त्याचे १ कोटी १८ लाख रुपये अडकलेत. सोबत कागद जोडले होते: पर्चेस ऑर्डर, माल पोचल्याची चलनं, बिल आणि दोन ईमेल. बावन्न जणांनी दावे आणून दिले. रविवारी सकाळपासून तपासायला बसलो आणि दुपारी जेवायच्या आधी पेन खाली ठेवला. पुढे वाचवेना.

बावन्नपैकी पन्नास जणांनी प्रतिवादीच्या जागी काय लिहिलंय? कंपनीचं नाव आणि पुढे 'चाकण प्लांट, तालुका खेड, जिल्हा पुणे'.

चाकण प्लांट ही व्यक्ती कोण आहे? समन्स कुणाच्या हातात द्यायचं, गेटवरच्या वॉचमनच्या? उद्या हुकूमनामा झाला तर दरखास्त कुणावर लावणार, पत्र्याच्या शेडवर? ती शेडही भाड्याची असते, हे औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या तुमच्यापैकी निम्म्यांना माहीत आहे. कंपनी ही कायद्याने जन्माला घातलेली व्यक्ती आहे, हे पहिल्या सत्रात घोकलंत. त्या व्यक्तीला जन्मगाव असतं, जन्माची नोंद असते आणि कायद्याला माहीत असलेला एक पत्ता असतो, हे तिसऱ्या वर्षापर्यंत विसरलात. प्रतिवादी कुठला हे न विचारता दावा लिहायला बसणं म्हणजे पाट्या टाकणं. वकिलीत पाट्या टाकल्या की खड्ड्यात अशील पडतो, तुम्ही नाही.

आता ती पर्चेस ऑर्डर बाहेर काढा. पहिलं पान. सगळ्यात खाली, बारीक टाइपात, २१ अक्षर-आकड्यांची एक ओळ आहे. तो कंपनीचा ओळख क्रमांक. कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि हा क्रमांक लेटरहेडवर आणि बिलावर छापलाच पाहिजे, अशी सक्ती २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. ती छापखान्याच्या सोयीसाठी केलेली नाही, तुमच्यासाठी केलेली आहे. वाचा. पहिलं अक्षर 'यू', म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली कंपनी. मग धंद्याचे पाच आकडे. त्यानंतर दोन अक्षरं, 'एच आर'. एमएच नाही, एच आर. हरियाणा. मग स्थापनेचं वर्ष, मग 'पीटीसी', म्हणजे प्रायव्हेट कंपनी, आणि शेवटी नोंदणीचे सहा आकडे. वरच्या पत्त्यात गुरुग्राम लिहिलंय. तुमचा प्रतिवादी गुरुग्रामचा आहे आणि चाकणला त्याचा कारखाना आहे. पन्नास जणांनी ही ओळ पाहिली नाही. ज्या दोघांनी पाहिली, त्यांतल्या एकाने पुढे लिहिलं, 'सबब कंपनी दिल्लीची आहे'. गुरुग्राम दिल्लीत नाही. मेट्रो तिथपर्यंत जाते म्हणून अधिकारक्षेत्र जात नाही. तिथलं जिल्हा न्यायालय हरियाणाचं आणि उच्च न्यायालय चंडीगडला.

"पण सर, दावा पुण्यातच चालतो ना?" असं कालच एकाने कॉरिडॉरमध्ये विचारलं. हो, चालतो. उत्तर बरोबर आणि रीत चूक. दहावीच्या गणिताला यासाठी मार्क कापतात, मी इथे शून्य दिलंय. कारण रीत येत नसेल तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला उभा राहील, पर्चेस ऑर्डरच्या मागच्या पानावरचं चौदावं कलम वाचेल आणि तुमची बोबडी वळेल. त्या कलमात लिहिलंय की सर्व वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयांत चालतील. तुमच्यापैकी एकानेही मागचं पान उलटलेलं नाही.

रीत अशी. दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम २०. त्याखालचं स्पष्टीकरण प्रत्येकाने पाठ केलं पाहिजे. कंपनी तिच्या मुख्य कार्यालयाच्या ठिकाणी धंदा करते असं मानलं जातं. पण जिथे तिची शाखा आहे तिथेच दाव्याचं कारण घडलं असेल, तर ती त्या शाखेच्या ठिकाणी धंदा करते असं मानायचं. या 'पण'वर सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल आहे, पटेल रोडवेजचा. मुख्य कार्यालय मुंबईत असलेली ही मालवाहतूक कंपनी. तमिळनाडूत बोडिनायकनूरच्या एका व्यापाऱ्याने दिल्लीला पोचवण्यासाठी तिच्याकडे वेलदोडे सोपवले. माल आगीत खराब झाला. व्यापाऱ्याने तमिळनाडूतच दावा लावला. कंपनीने करारातलं कलम पुढे केलं: वाद फक्त मुंबईत. न्यायालयाने सांगितलं की शाखा तिथे, कारण तिथेच, मग मुख्य कार्यालय मुंबईत आहे एवढ्यावर मुंबईला अधिकार मिळत नाही. आणि ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही, त्याला तो पक्षकारांनी आपसात सही करून देता येत नाही.

आता हे आपल्या दाव्याला लावा. ऑर्डर चाकणहून निघाली, माल चाकणला उतरला, बिल चाकणला दिलं. शाखा आणि कारण एकाच गावात. दिल्लीत यातलं काहीच घडलेलं नाही, कंपनीचं नोंदणीकृत कार्यालयही दिल्लीत नाही, म्हणून ते चौदावं कलम कोलमडतं. हे एवढं दाव्यात यायला हवं होतं. दिल्लीला थोडासाही अधिकार असता, तर गोष्ट उलटली असती. २०१३ चा स्वस्तिक गॅसेसचा निकाल वाचा. तिथे वादाचा काही भाग कोलकात्यात घडला होता आणि करारात कोलकाता लिहिलं होतं. 'फक्त' हा शब्द नव्हता, तरी सर्वोच्च न्यायालयाने जयपूर बाजूला सारून कोलकात्याला पाठवलं. म्हणजे प्रतिवादीचा पत्ता गुरुग्रामऐवजी दिल्लीचा असता, तर मला आज हे इतक्या ठामपणे सांगता आलं नसतं. एका पत्त्यावर एवढं अडलेलं असतं आणि तुम्ही तो पत्ता वाचत नाही.

एकोणीस जणांनी शौर्य दाखवलंय. शेवटी पर्यायी मागणी लिहिली: कंपनीविरुद्ध मुंबईच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीचा अर्ज करावा. रक्कम १ कोटीच्या वर आहे हे बघितलंत, चांगलं केलंत. पण २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं कलम ६० कुणी उघडलं? अर्ज कुठे करायचा हे तिथे एकाच गोष्टीवर ठरतं: नोंदणीकृत कार्यालय. कारखाना कुठे, माल कुठे, तुमचा अशील कुठे, काही विचारत नाहीत. हरियाणाची कंपनी म्हणजे चंडीगडचं पीठ. तुमचा मुंबईचा अर्ज दारातूनच परत आला असता.

आणि जो रस्ता अशिलाच्या घरासमोरून जातो, तो एका मुलीखेरीज कुणालाही दिसला नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याचं कलम १८. पुरवठादार ज्या सुविधा परिषदेच्या हद्दीत आहे, ती परिषद वाद ऐकू शकते, मग खरेदीदार भारतात कुठेही असो. कायद्याने इथे मुद्दाम लहान माणसाची बाजू घेतली आहे, गुरुग्रामच्या कंपनीला भोसरीच्या माणसाकडे यायला लावलं आहे. पण 'भारतात कुठेही' हे शब्द नीट ऐका. ऑर्डर परदेशातल्या कंपनीने स्वतःच्या नावावर काढली असती, तर हा रस्ताही बंद.

यावरूनच पुढच्या चुकीकडे येतो, आणि ही चूक मला सगळ्यात जास्त लागली आहे.

एकतीस जणांनी प्रतिवादी क्रमांक दोन म्हणून अमेरिकेतली मूळ कंपनी जोडली आहे. का? एकाने सरळ लिहिलंय, 'कारण पैसा तिच्याकडे आहे'. १८९६ साली इंग्लंडमध्ये सॅलोमनचा निकाल लागला, तेव्हापासून मालक वेगळा आणि कंपनी वेगळी. आई वेगळी, मुलगी वेगळी. मुलीची उधारी आईकडे मागायची असेल, तर आईने काय केलं ते तुम्हाला सांगावं लागतं, ती कुठे जन्मली तेवढं पुरत नाही.

भोपाळ आठवा. तुमच्यापैकी कुणी तेव्हा जन्मलेलं नव्हतं, म्हणून मी आठवण करून देतो. डिसेंबर १९८४. कारखाना युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या भारतात नोंदलेल्या कंपनीचा. तिचे ५०.९ टक्के शेअर न्यूयॉर्क राज्यात नोंदलेल्या युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनचे. खुद्द भारत सरकार न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात गेलं. कंपनीचं जन्मगावच ते, तिथे तिला 'मी इथली नाही' म्हणता येत नव्हतं. तरीही न्यायमूर्ती कीनन यांनी मे १९८६ मध्ये सांगितलं की साक्षीदार भारतात, पुरावा भारतात, खटला भारतातच चालावा. कंपनीने भारतीय न्यायालयाचा अधिकार मान्य करावा, अशी अट मात्र घातली. खटला भोपाळला परत आला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. हजारो माणसं मेली होती आणि दोन वर्षं कुठल्या देशात भांडायचं यात गेली. मी हे वर्गात दर वर्षी सांगतो. दर वर्षी कुणीतरी खिडकीबाहेर बघत असतं.

आता जवळचं सांगतो. नाव सांगणार नाही.

तीनेक वर्षांपूर्वी एक इंजिनिअर माझ्याकडे आला. बाणेरला एका सॉफ्टवेअर कंपनीत पहिल्या दिवसापासून राबलेला. कंपनी उभी करणाऱ्या तिघांपैकी एक, १२ टक्क्यांचा धनी. पुढे बाकीच्या दोघांनी नवे शेअर काढून त्याला कोपऱ्यात ढकललं, हिशेब दाखवणं बंद केलं. तो वकिलाकडे गेला. तो वकील याच वर्गात, डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायचा. त्याने मुंबईच्या न्यायाधिकरणात कलम २४१ खाली अर्ज केला, अन्याय आणि गैरकारभाराचा. चांगला लिहिला होता, चाळीस पानं. चौदा महिने तारखा पडल्या. मग अर्ज गेला.

त्याने माझ्यासमोर टेबलावर शेअर सर्टिफिकेट ठेवलं. जाड कागद, कडेला हिरवी नक्षी. कंपनीच्या नावाखाली लहान अक्षरांत एक ओळ: 'डेलावेअर कॉर्पोरेशन'. ऑफिस बाणेरला, माणसं बाणेरला, भांडण बाणेरला, पण शेअर डेलावेअरच्या कंपनीचे. बाणेरची कंपनी तिची शंभर टक्के मालकीची उपकंपनी, आणि त्या उपकंपनीत या माणसाचा एकही शेअर नाही. कंपनी कायद्याचं कलम २ उपकलम २० बघा: 'कंपनी' म्हणजे या कायद्याखाली किंवा आधीच्या कंपनी कायद्याखाली स्थापन झालेली. डेलावेअरची कंपनी त्या व्याख्येत बसतच नाही. ज्या दारावर तो चौदा महिने उभा होता, ते त्याच्यासाठी नव्हतंच.

कंपनीच्या घरातले तंटे, म्हणजे संचालकांची कर्तव्यं, भागधारकांचे हक्क, नवे शेअर कसे निघाले, हे अमेरिकेत कंपनी जिथे नोंदलेली आहे त्या राज्याच्या कायद्याने ठरतात. डेलावेअर हे आकाराने चिमुकलं राज्य, पण तिथल्या चॅन्सरी न्यायालयात १७९२ पासून न्यायाधीश ज्युरीशिवाय असे तंटे सोडवत आलेत. या इंजिनिअरला तिथे हक्क होता. कंपनीची दप्तरं बघायला मागायचा हक्कसुद्धा तिथल्या कायद्यात भागधारकाला आहे. पहिल्या दिवशी तिकडे पत्र गेलं असतं तर! शेवटी तिथल्या वकिलाला ईमेल केली, तेव्हा उत्तरात पहिलीच ओळ तासाच्या दराची होती, डॉलरमध्ये. त्याने ती प्रिंट मला दाखवली, घडी घातली आणि खिशात ठेवली. काही बोलला नाही. मीही काही बोलू शकलो नाही, कारण ज्याने सर्टिफिकेटवरची ओळ वाचली नव्हती त्याला मीच शिकवलं होतं.

चुकीच्या न्यायालयात गेलेला वेळ मुदतीतून वगळता येतो, मुदत कायद्याचं कलम १४, असं मनात आलं ना? आलं असेल तर कलम पूर्ण वाचा. सद्भाव आणि योग्य काळजी दोन्ही लागतात. सर्टिफिकेटवरची दुसरी ओळ न वाचणं ही कुठली काळजी, हे न्यायाधीशांना तुम्ही समजावून सांगा. मला नका सांगू.

हे एकट्यादुकट्याचं नाही. बायजूज तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, काहींनी तिच्यावर बारावी काढली असेल. बंगळुरूच्या या कंपनीने २०२१ मध्ये १२० कोटी डॉलरचं कर्ज उचललं, ते बायजूज अल्फा नावाच्या डेलावेअरमध्ये नोंदलेल्या कंपनीच्या नावावर. २०२३ मध्ये कर्ज देणाऱ्यांनी करार मोडल्याचं सांगितलं, तारण ठेवलेल्या शेअरच्या जोरावर त्या कंपनीत आपला संचालक बसवला आणि त्यावर शिक्का घ्यायला थेट चॅन्सरी न्यायालयात गेले. कंपनीचा खरा संचालक कोण, हे झटपट ठरवण्याची तरतूद तिथल्या कायद्यात आहे. त्याच वर्षी निकाल कर्ज देणाऱ्यांच्या बाजूने लागला, सप्टेंबर २०२४ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. शिकवणी भारतात, विद्यार्थी भारतात, पण कर्ज ज्या कंपनीच्या नावावर होतं तिच्या किल्ल्या कुणाकडे, ते ठरलं डेलावेअरमध्ये. नोंदणीचा कागद भरताना त्याकडे कुणी फारसं बघत नाही. भांडण लागलं की सगळे तोच कागद शोधतात.

लवादाचं थोडक्यात सांगतो, तास संपत आलाय. पक्षकारांपैकी एक जरी परदेशात स्थापन झालेली कंपनी असली, तर लवाद आंतरराष्ट्रीय ठरू शकतो. मग लवाद नेमण्यासाठी उच्च न्यायालयात नाही, सर्वोच्च न्यायालयात जायचं, आणि निवाडा रद्द करून घ्यायची कारणंही कमी होतात. पण इथेही वरवर नाव बघून धावू नका. चेंबूर-वडाळा मोनोरेल ज्यांनी उभारली, त्या लार्सन अँड टुब्रो आणि मलेशियाची स्कोमी यांच्या जोडगोळीने एमएमआरडीएविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. एक भागीदार मलेशियाचा आहे, म्हणून वाद आंतरराष्ट्रीय, असं त्यांचं म्हणणं. २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितलं, करार दोघांनी मिळून एक म्हणून केला, सूत्रं लार्सन अँड टुब्रोच्या हातात, कारभार मुंबईतून. सबब हा आंतरराष्ट्रीय लवाद नव्हे. अर्ज फेटाळला. २००८ च्या टीडीएम इन्फ्रास्ट्रक्चरच्या प्रकरणात नेमकं उलट चित्र: सूत्रं मलेशियातून हलत होती, पण दोन्ही कंपन्या भारतात नोंदलेल्या, म्हणून वाद देशांतर्गत. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. एकच वाचाल तर फसाल.

आणि जिंकल्यावर वसुली. सिंगापूर, इंग्लंड आणि जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिराती यांच्या वरिष्ठ न्यायालयांचे पैशांचे हुकूमनामे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली आपल्याकडे थेट दरखास्तीला लावता येतात. अमेरिका त्या यादीत नाही. तिथला निकाल हातात घेऊन इथे आलात, तर त्याच्या आधारावर नव्याने दावा लावावा लागतो. दुबईत धंदा करणारे आपले नातेवाईक तुम्हाला हे विचारणारच आहेत, तयार राहा.

तुम्ही मठ्ठ नाही. मठ्ठ असता तर मी एवढं बोललो नसतो, दहापैकी तीन मार्क टाकून मोकळा झालो असतो. तुम्हाला नोंदणीचा पत्ता म्हणजे कारकुनी काम वाटतं आणि युक्तिवाद म्हणजे वकिली वाटते. भोसरीच्या माणसाला तुमचा युक्तिवाद ऐकायचा नाही. त्याला त्याचे १ कोटी १८ लाख हवेत, आणि कामगारांचा पगार दर महिन्याच्या सात तारखेला द्यायचा असतो.

सगळ्यांचे दावे परत देतोय. शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत नव्याने लिहून आणा. पहिल्या परिच्छेदात प्रतिवादी कंपनीचं पूर्ण नाव, ओळख क्रमांक आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता. दुसऱ्यात, ती कंपनी तिथली असताना दावा पुण्यात का चालतो, कलमासकट. अमेरिकेची कंपनी ज्यांना जोडायचीच आहे, त्यांनी तिने स्वतः काय केलं ते लिहायचं, नाहीतर तिचं नाव काढायचं. आणि दाव्यावर सही करण्याआधी पर्चेस ऑर्डरचं मागचं पान उलटून बघायचं. जा.